आठ पौंडांची गिटार आणि तिचीं स्वस्त भावंडें

वाद्याची किंमत आणि त्यांतून निघणाऱ्या सुराची किंमत यांचा परस्परांशीं संबंध कितपत असतो, हा प्रश्न जन्मभर शाळेंत रूपें आणि समास शिकविण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास पडण्याचें तसें कांहीं कारण नव्हतें. परंतु आमच्या ताईचा मुलगा विजेच्या गिटारीवर आपला चरितार्थ चालवितो, आणि गेल्या चातुर्मासांत तो आठ दिवस आमच्याकडे राहावयास आला तेव्हां त्याच्याबरोबर एक तांबडी गिटारहि आली. घरांतील मुलांनीं तिच्याभोंवतीं गराडा घातला. सूनबाईंनीं ती देवघराच्या वाटेंतून उचलून माजघरांत ठेवविली. आणि आम्हीं चष्म्यावरून तिच्याकडे एकवार पाहून पुनः पुस्तकांत डोकें घातलें. या तुटकपणास एक जुनें कारण आहे. तें पुढें ओघानें येईलच.

तिसऱ्या दिवशीं दुपारचा चहा घेतांना आम्हीं सहज विचारलें, "काय रे, हिला काय पडलें?"

"पन्नास हजार, मामा. तीहि वापरलेली, एका ओळखीच्या वादकाकडून घेतली."

आम्हांस ही रक्कम चांगलीच भारी वाटली. भाचा हंसला. त्याच्या व्यवसायांत हिला स्वस्तांतली म्हणतात. नामांकित वादकांच्या नांवानें अमेरिकेंत तयार होणाऱ्या कित्येक गिटारींस लाखांच्या हिशेबानें पैसे मोजावे लागतात. तरीहि गेलीं चार वर्षें ध्वनिमुद्रणाच्या खोलींत काय आणि रंगमंचावर काय, हीच त्याची पोटापाण्याची गिटार आहे. "हिचा इतिहास तुम्हांला आवडेल," तो म्हणाला, "हिची मूळ गिटार एका बापानें आणि लेकानें घरांतल्या मोडक्यातोडक्या सामानांतून बनविली." बाप आणि लेक हे शब्द त्यानें मुद्दाम उच्चारले कीं सहज, तें आम्हांस तेव्हां कळलें नाहीं. पण पुढचे तीन दिवस आम्ही त्या वाद्याच्या मागें लागलों, त्याच्याजवळचें पुस्तक वाचून काढलें, आणि जें समजलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आधीं ‘सहीची गिटार’ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. एखाद्या नाणावलेल्या वादकाच्या पसंतीप्रमाणें, त्याच्या नांवाची मोहोर घालून कारखानदार जी गिटार विकतात, तिला तिकडे ही संज्ञा आहे. ही चाल बरीच जुनी. विजेच्या गिटारी प्रचारांत येण्यापूर्वींच, १९२० नंतरच्या दशकांत, गिब्सन या अमेरिकन कंपनीनें निक लूकस नांवाच्या गायक-वादकाच्या नांवाची गिटार काढली होती. आणि १९५२ मध्यें त्याच कंपनीनें लेस पॉल याच्या नांवाची भरीव लांकडाची विजेची गिटार काढली, ती तर आज त्याच्या नांवानेंच ओळखली जाते. पुढें वादकाची कीर्ति आणि गिटारीची किंमत या दोन्ही बरोबरीनें चढत गेल्या. मग कारखानदारांनीं तोडगा काढला: तेंच नांव, तोच आकार, पण घडण जपान, कोरिया, चीन, इंडोनेशिया अशा ठिकाणच्या कारखान्यांत. २००१ मध्यें कार्लोस सांताना याच्या नांवाची अशीच एक स्वस्त आवृत्ति कोरियांत तयार होऊं लागली. आपल्याकडे एखाद्या वैद्यबोवांच्या नांवाचें चूर्ण गल्लोगल्लीं मिळतें, पण वैद्यबोवांनीं स्वतः तें कुटलेलें नसतें, तसाच हा प्रकार. आणि अशा वाद्याविषयीं जाणत्यांच्या मनांत जी शंका असते तीहि तीच. ज्याची सही, तो स्वतः हें वाद्य हातीं धरील काय?

भाच्याच्या गिटारीवर ज्याचें नांव आहे तो ब्रायन मे हा इंग्लंडांतील ‘क्वीन’ या मेळ्याचा गिटारवादक. १९७० मध्यें निघालेल्या या मेळ्याचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे जन्मनांवानें फरोख बलसारा. झांझिबार येथें १९४६ मध्यें जन्मलेला पारशी. त्याचें शालेय शिक्षण आपल्या पांचगणीस, सेंट पीटर्स शाळेंत झालें. टेबललँडकडे सहलीस जाणाऱ्या किती महाराष्ट्रीय कुटुंबांस हें ठाऊक असेल, कोण जाणे! १९९१ मध्यें तो वारला. पण आमचा विषय तो नव्हे. त्याच्या शेजारीं उभा राहून वाजविणारा, डोक्यावर कुरळ्या केसांचें टोपलें असलेला उंच मनुष्य, आणि त्याच्या हातांतली तांबडी गिटार, हा आमचा विषय.

ब्रायनचा जन्म १९४७ चा. लंडनच्या पश्चिमेस फेल्टम नांवाच्या उपनगरांत त्याचें बालपण गेलें. वडील हॅरल्ड मे हे सरकारच्या विमानखात्यांत नोकरीस असून विद्युत्‌यंत्रांचे मोठे जाणकार होते. घरांतला दूरचित्रवाणीचा संचहि त्यांनीं स्वतःच जुळविलेला. मुलाला विजेच्या गिटारीचें वेड लागलें, पण दुकानाच्या कांचेमागें टांगलेल्या गिटारी घेण्याची ऐपत घरांत नव्हती. तेव्हां १९६३ च्या ऑगस्टांत, मुलगा सोळा वर्षांचा असतां, बापलेकांनीं ठरविलें कीं आपण ती घरींच करावयाची. आणि नुसती दुकानांतल्यासारखी नव्हे, तिच्याहून सरस करावयाची. घरांतील एका खोलीचा कारखाना झाला आणि संध्याकाळचा वेळ व सुटीचे दिवस मिळून सुमारें दोन वर्षें हें काम चाललें.

सामान कोठून आलें तें ऐकण्यासारखें आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी एक महोगनीची फळी, जी कोणाच्या तरी घरांत भिंतींतल्या शेगडीवर बसविलेली होती आणि आतां टाकून दिली जात होती, ती तासून गिटारीची दांडी झाली. तींत किडीनें पाडलेलीं भोंकें होतीं. तीं काड्यापेटींतल्या काड्या ठोकून बुजविलीं. अंगाचा मधला भाग एका जुन्या मेजाच्या ओक लांकडाचा, बाजू स्वस्त ब्लॉकबोर्डच्या, आणि वरून शोभेपुरता महोगनीचा पातळ पापुद्रा. पडद्यांमधल्या खुणांसाठीं आईच्या शिवणाच्या डब्यांतल्या शिंपल्याच्या गुंड्या घांसून बसविल्या. एका १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलीच्या इंजिनांतल्या दोन स्प्रिंगा मिळाल्या, त्याहि कामीं लागल्या. या साऱ्या सामानाचा खर्च सुमारें आठ पौंड झाला असें ब्रायन मे सांगतो. आमच्या मतें या हिशेबांत एक मोठी रक्कम धरलेली नाहीं, ती म्हणजे दोन वर्षांच्या संध्याकाळा. पण बापानें मुलासाठीं दिलेला वेळ कोणी जमाखर्चांत मांडीत नाहीं, हेंहि खरें.

त्या मोटारसायकलीच्या स्प्रिंगांचें काय प्रयोजन, असें वाचक विचारतील. सतारीवर मींड काढावयाची तर वादक पडद्यावर तार आडवी ओढतो आणि सूर चढत जातो. विजेच्या गिटारींत याच्या उलट सोयहि असते: तारा जेथें अडकविलेल्या असतात तो खालचा भागच एका तरफेनें किंचित् झुकवितां येतो, सर्व तारा एकदम सैल होतात आणि सूर उतरतो. तरफ सोडली कीं स्प्रिंगांच्या जोरानें तारा पुनः ताणल्या जातात. अडचण अशी कीं त्या काळच्या बहुतेक गिटारींत तारा पूर्वींच्या जागीं तंतोतंत परत येत नसत. घर्षणानें कोठें तरी केसभर अडत, आणि वाद्य बेसूर होई. मे पितापुत्रांनीं यावर काढलेली युक्ति आम्हांस फार आवडली. तो झुकणारा भाग त्यांनीं पोलादाच्या धारेवर तोलून धरला, सोनाराच्या तराजूचा कांटा धारेवर तोलतात तसा. आणि घोडीवर प्रत्येक तारेखालीं एक चिमुकलें चाक बसविलें, म्हणजे तार घांसण्याऐवजीं त्यावरून घरंगळते. तरफेचा दांडा सायकलला मागें पिशवी अडकविण्याची जी चौकट असते तिच्यांतला, आणि त्याचें टोंक आईच्या विणकामाच्या सुईचें. (आईच्या डब्यांतून या मुलानें आणखी काय काय लांबविलें होतें तें पुस्तकांत नाहीं.) मिरजेच्या सतारमेकरांची परंपरा अशी सांगते कीं त्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते आणि हत्यारांचे दिवस संपल्यावर ते तंतुवाद्यांकडे वळले. धार आणि तार यांचें नातें दिसतें त्याहून जवळचें असावें.

पडद्यांचें गणित आम्हीं स्वतः कागदावर करून पाहिलें. सतारीचे पडदे सरकवितां येतात, रागाप्रमाणें सूर लावून घेतां येतो. गिटारीचे पडदे लांकडांत ठोकून कायमचे बसविलेले. तेथें चूक झाली तर ती जन्माची. सप्तकाचे बारा सारखे भाग करावयाचे असल्यामुळें प्रत्येक पडद्यास तारेची लांबी एका ठराविक प्रमाणानें घटते. या गिटारीच्या मोकळ्या तारेची लांबी २४ इंच. बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, म्हणजे घोडीपासून १२ इंचांवर, आणि चोविसावा ६ इंचांवर येतो. मधल्या पडद्यांचे अंतर दशांशाच्या तिसऱ्या-चौथ्या स्थळापर्यंत काढावें लागतें. सोळा वर्षांच्या मुलानें तें काढलें आणि हातकरवतीनें खांचा पाडल्या. साठ वर्षें होऊन गेलीं. ती गिटार अजून सुरांत आहे.

आतां विजेचा भाग. पोलादी तारेखालीं एक लोहचुंबक आणि त्याभोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचें वेटोळें ठेवावयाचें. वरची तार कांपली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि वेटोळ्यांत तितक्याच कंपनांचा क्षीण विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ मध्यें जें तत्त्व दाखविलें तेंच हें. या जोडणीस पिकअप म्हणतात. ब्रायननें प्रथम तेहि घरींच गुंडाळले. आवाज चांगला आला. पण तार आडवी ओढली, म्हणजे मींड घेतली, कीं सुराबरोबर एक विचित्र सळसळ येई. चुंबकांचे ध्रुव ज्या रीतीनें मांडले गेले होते तिचा तो परिणाम होता. शेवटीं लंडनच्या बर्न्स कंपनीचे तयार तीन पिकअप विकत आणावे लागले. त्यांतहि त्यानें आपली भर घातलीच: वेटोळीं आंतल्या आंत थरथरूं नयेत म्हणून त्यांत ॲरल्डाइट हा चिकट राळेसारखा पदार्थ ओतून तीं घट्ट केलीं.

शिवाय गिटारीचें अंग आंतून ठिकठिकाणीं पोकळ ठेवलें होतें. ध्वनिवर्धकांतून निघालेला आवाज परत गिटारीवर आदळून तिला कांपवितो, ती कांपते म्हणून आवाज टिकतो, आणि सूर कितीहि वेळ गात राहतो. सामान्यतः हा दोष समजतात. सभेंत ध्वनिक्षेपक किंचाळूं लागला कीं आपण कानांवर हात ठेवतों तोच हा दोष. मुलानें ठरवून, प्रमाण राखून, तो वाद्यांत घेतला. तंबोऱ्याच्या घोडीवर जव्हारीसाठीं दोरा सरकविणाऱ्याला यांतलें मर्म सांगावयास नको.

इतकें सारें एकत्र केलेल्या बापलेकांत पुढें दुरावा आला, आणि तो याच गिटारीवरून आला. मुलगा हुशार, लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तो ज्योतिर्विज्ञानांत डॉक्टरेटसाठीं संशोधन करूं लागला. सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या सूक्ष्म धुळीवर प्रकाश पडून पहांटे पूर्वेस आणि सायंकाळीं पश्चिमेस जी फिकट आभा दिसते, तिचा अभ्यास हा त्याचा विषय. मध्यंतरीं त्यानें शाळेंत गणितहि शिकविलें. १९७४ च्या सुमारास मेळ्याला यश येऊं लागलें आणि प्रबंध जवळजवळ पुरा होत आला असतां त्यानें तो बाजूला ठेवला. वडिलांस हें मुळींच रुचलें नाहीं. ज्यांनीं गिटार करावयास शिकविलें त्यांसच गिटार वाजवून पोट भरणें हा विद्येचा अपव्यय वाटला.

येथें आम्ही जरा थांबलों. २००९ मध्यें आमच्या भाच्यानें अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षीं कॉलेज सोडलें तेव्हां भावोजींनीं त्याच्याशीं बोलणें टाकलें, आणि ताईच्या आग्रहावरून आम्हीं त्याला चार पानी पत्र लिहिलें. पत्र चांगलें होतें. भाषा शुद्ध होती, एक सुभाषितहि घातलें होतें. तंबोरा किंवा सतार असती तर गोष्ट वेगळी, असेंहि एक वाक्य त्यांत होतें. पत्राचें उत्तर आलें नाहीं. उत्तर द्यावें असें त्यांत कांहीं नव्हतेंच. प्रश्न एकहि विचारलेला नव्हता.

हॅरल्ड मे यांनीं १९७७ मध्यें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें मुलाचें वादन पाहिलें, तेथें जमलेला तो अफाट समुदाय पाहिला, आणि मग त्यांचा विरोध मावळला असें ब्रायन मे सांगतो. १९८८ मध्यें ते वारले. २००२ मध्यें राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं त्या उत्सवांत बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभें राहून मुलानें राष्ट्रगीत वाजविलें, तें याच शेगडीच्या फळीवर. आणि २००७ मध्यें, वयाच्या साठाव्या वर्षीं, तो अर्धवट टाकलेला प्रबंध पुरा करून डॉक्टरेट मिळविली. दोन्ही पाहावयास वडील नव्हते.

आतां प्रतिकृतींकडे वळूं. मूळ गिटार एकच. ती हरवली वा मोडली तर दुसरी नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत गिल्ड या अमेरिकन कंपनीनें तिच्या प्रतिकृती काढून पाहिल्या. पुढें ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिरानें मूळ गिटार मोजून, तपासून, बारकाईनें तीन प्रती केल्या व मूळ गिटारीची डागडुजीहि केली. पण या सर्व महागड्या वस्तु. सामान्य वादकास परवडेल अशी आवृत्ति २००१ मध्यें बर्न्स या नांवानें निघाली, आणि कांहीं वर्षांनीं ब्रायन मे यानें स्वतःच्याच नांवाच्या कंपनीमार्फत ती काढावयास सुरुवात केली. पूर्व आशियांतील कारखान्यांत तयार झालेली अशीच एक आमच्या माजघरांत आली होती.

भरतमुनींनीं श्रुति समजाविण्यासाठीं दोन सारख्या वीणा घेण्यास सांगितलें आहे; एक ध्रुव, जी हलवावयाची नाहीं, आणि दुसरी चल, जिच्या तारा क्रमानें उतरवीत जावयाचें. मूळ आणि प्रत यांची तुलना करतांना आम्हांस तो प्रयोग आठवला. लांबी तीच २४ इंच, पडदे तेच चोवीस, पिकअप त्याच घाटाचे तीन, बटणें तींच सहा. पण ओक आणि ब्लॉकबोर्ड यांच्या जागीं महोगनी. रंगविलेल्या ओकच्या जागीं पडद्यांखालीं खरें आबनूस. मूळची लठ्ठ दांडी बारीक केलेली, कारण ती दांडी फारच थोड्या हातांस मानवते. आणि ती पोलादी धार, ती मोटारसायकलीची स्प्रिंग, तीं चाकें यांच्या जागीं बाजारांत मिळणारी तयार झुकती घोडी. म्हणजे जेथें बापलेकांनीं अधिकांत अधिक डोकें चालविलें तोच भाग स्वस्त प्रतींत उतरत नाहीं. लांकूड मात्र प्रतीचें मूळापेक्षां उंची! हा विनोद कारखानदारांच्या ध्यानांत आला असेलच.

भाच्याचा अनुभव त्याच्याच शब्दांत देतां आला असता तर बरें झालें असतें, पण तो बोलतो अर्धें आणि वाजवून दाखवितो अर्धें. सारांश असा. पहिला महिना त्याला ही गिटार अजिबात आवडली नाहीं. इतर गिटारींत कोणता पिकअप चालू ठेवावयाचा यासाठीं एक दांडी असते. येथें प्रत्येक पिकअपला दोन बटणें, एक चालू-बंद करण्याचें आणि एक प्रवाहाची दिशा उलटविण्याचें. दोन पिकअप उलट दिशेनें जोडले कीं दोघांत समान असलेला भाग परस्परांस खाऊन टाकतो आणि जो उरतो तो पातळ, नाकांतून बोलल्यासारखा सूर असतो. हवा तेव्हां तो सूर फार मोलाचा; नको तेव्हां फजिती. एका गणेशोत्सवांत, रंगमंचावर अंधार असतां, झब्ब्याची बाही लागून एक बटण सरकलें आणि भर आलापींत गिटारीचा आवाज मांजराच्या पिलासारखा झाला. तेव्हांपासून तो बाह्या सारून वाजवितो.

पण तार आंखूड म्हणून ताण कमी, त्यामुळें मींड सुखानें येते. आपल्या गाण्यांना मींड लागते, म्हणून हा गुण त्याला पहिल्या दिवसापासून पटला. अंग पोकळ म्हणून तीन तास उभें राहून वाजविलें तरी खांदा भरत नाहीं. रंगमंचावरच्या दिव्यांच्या तारांजवळ उभें राहिल्यास एकेरी वेटोळ्यांत गुणगुण शिरते, ती या जातीच्या सर्वच पिकअपांची खोड आहे. तो दोन पावलें सरकून उभा राहतो, एवढेंच. तरफ तो बेतानें वापरतो. घेतल्यावर त्यानें मुंबईच्या एका कारागिराकडून तारांची उंची आणि पडदे नीट लावून घेतले. स्वस्त वाद्य आणि उत्तम वाद्य यांतलें निम्में अंतर त्या एका दुपारींच तुटलें असें तो म्हणतो.

त्याची खरी तक्रार निराळीच आहे आणि ती ऐकून आम्ही विचारांत पडलों. "मामा, ही गिटार हातीं घेतली कीं ती त्याच्यासारखी बोलूं लागते. लोक म्हणतात, वा, हुबेहूब! मला तें नको होतें. तिच्यांतून त्याला बाहेर काढावयास मला दोन वर्षें लागलीं." कोणत्याहि घराण्याचा शिष्य हेंच सांगेल. गुरूचा गळा उतरविणें ही अर्धी विद्या. तो गळ्यांतून उतरून टाकणें ही उरलेली अर्धी, आणि ती शिकविणारा कोणी नसतो.

एक गंमत सांगून पुढें जाऊं. ब्रायन मे नखीऐवजीं सहा पेन्सांचें जुनें नाणें वापरतो. त्याच्या कांतरलेल्या कडेमुळें तारेवर सुरुवातीलाच एक खरखरीत उच्चार उमटतो. १९८० मध्यें तें नाणें चलनांतून गेलें. आमच्या जुन्या नाण्यांच्या डबींत तांबें-निकेलचीं पंचवीस पैशांचीं नाणीं होतीं. आकार जवळजवळ तितकाच, कडहि कांतरलेली. तीं २०११ पासून चालत नाहींत. भाच्यानें त्यांतलें एक घेऊन वाजवून पाहिलें, पुनः वाजविलें, आणि न विचारतां खिशांत टाकलें.

सातव्या दिवशीं ताई आणि भावोजी आले. भावोजी वीजखात्यांतून अभियंते म्हणून निवृत्त झालेले, बोलणें मोजकें. मुलाशीं तर पंखा बिघडला, बिल आलें, औषध संपलें, एवढ्यापुरतेंच. संध्याकाळीं मुलांच्या आग्रहास्तव भाचा वाजवावयास बसला. आमचा धाकटा नातू धांवत आला, जमिनीवरच्या केबलींत त्याचा पाय अडकला, गिटारीच्या बाजूला जेथें केबल खोंचतात ती खोबणीच हिसक्यानें सुटली, आणि आवाज बंद पडला. दुसऱ्या दिवशीं त्याचा पुण्यास कार्यक्रम होता. नातू रडूं लागला. भाचा कांहीं बोलला नाहीं. खोबणी उघडून आंत पाहत बसला.

भावोजी थोडा वेळ पाहत होते. मग उठून त्यांनीं आमच्या चिरंजिवांची हत्यारांची पेटी मागविली. डाख देण्याची सळई तापेपर्यंत त्यांनीं मागचें झांकण काढलें, चष्मा कपाळावर सारला, आणि प्रत्येक तार बोटानें हलवून पाहिली. "हीं सहा कशाला?" त्यांनीं विचारलें. प्रश्न मुलाला होता. मुलानें सांगितलें. "ओळीनें जोडलेत? समांतर नाहीं?" "ओळीनें, बाबा. म्हणून आवाज भरदार येतो." "येणारच. दाब मिळत जातो ना." डाख बसला. केबल लावली, आवाज आला. पण झांकण लावावयाचें कोणी नांव घेईना.

आम्हींहि मग आपली विद्या पाजळली. प्रत्येक पिकअपच्या अवस्था तीन: बंद, सुलटा, उलटा. तिघांच्या मिळून तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस. त्यांतून सर्व बंद असण्याची एक वजा केली म्हणजे सव्वीस. "सव्वीस निरनिराळे आवाज!" आम्ही म्हणालों.

"मास्तर, तुमचें गणित चुकलें," भावोजी मान वर न करतां म्हणाले. "सगळेच उलटे केले तर कानाला फरक काय पडणार? एकमेकांशीं नातें तेंच राहिलें. निम्मे करा."

"तेरा," भाचा म्हणाला. "बरोबर तेरा आहेत, बाबा."

"वाजवून दाखव."

त्यानें एकामागून एक तेराहि वाजविले. मुलांनीं बोटांवर मोजले, नवव्याला चुकलीं, पुनः पहिल्यापासून वाजवावे लागले. सातवा आणि अकरावा यांत फरक आहे कीं नाहीं यावर बापलेकांत बराच वाद झाला. त्या रात्रीं पानें वाढावयास साडेदहा वाजले.